अप्पा रेणापूर फाट्यावर आलेत

आमच्या लातूरकडच्या लग्नात भात कच्चा राहिला तर माणसं समजून घेतात. नवरदेव दोन तास उशिरा आला तर आणखी समजून घेतात. पण माइकवरून आपलं नाव घ्यायचं राहिलं तर वर्षानुवर्षं बोलत नाहीत. हे नाव राहू न देण्याचं काम मी वीसेक वर्षं केलं. मी लग्नातला निवेदक. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या फुलांच्या आडोशाला, डाळिंबी रंगाचं जाकीट घालून जो माणूस सकाळी दहापासून बोलत असतो, ज्याच्याकडं कुणी बघत नाही आणि ज्याच्यापासून कुणाची सुटकाही नसते, तो मी.

आणि मी काही असातसा निवेदक नव्हतो. लोक आधी माझी तारीख घ्यायचे, मग कार्यालय बघायचे आणि शेवटी मुलाकडच्यांना विचारायचे. पत्रिकेवर खाली डाव्या बाजूला ‘निवेदक’ म्हणून माझं नाव छापलं जायचं, काही पत्रिकांवर तर मामांच्या वर. एका मामानं त्यावरून पत्रिका परत पाठवली होती. उदगीर, निलंगा, अहमदपूर, तिकडं नांदेड, भोकर, पार हिमायतनगरपर्यंत मला बोलावणं असायचं. नांदेडच्या एका लग्नात वधूपक्षाच्या बायकांनी नवरदेवाला सोडून माझ्यासोबत फोटो काढले. बायकोला हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, “जाकिटासोबत काढले असतील.”

कामाची रीत अशी होती. लग्नघरचा कर्ता सकाळीच मान्यवरांची यादी हातात द्यायचा. ती संपायच्या आत चिठ्ठ्या सुरू व्हायच्या. पत्रावळीच्या पुठ्ठ्यावर, सिगारेटच्या पाकिटावर, तळहातावर लिहून माणसं नावं आणायची. माझा नियम एकच होता, आलेली चिठ्ठी वाचायची. विचारायचं नाही, बघायचं नाही, वाचायचं. पुढं एक ठरलेलं शेपूट जोडायचं, “आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून आवर्जून उपस्थित आहेत, त्यांचं टाळ्यांच्या गजरात स्वागत.” ज्याला सकाळपासून काहीच काम नव्हतं तोही त्या ‘व्यस्त’नं ताठ व्हायचा. मधूनमधून पांढरी गाडी बाजूला घ्या, कानातला सोन्याचा एक झुबा सापडलाय तो ओळख पटवून घेऊन जा, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, आणि माझे सात शेर. सातच होते. पण मी ते अशा क्रमानं फिरवायचो की सलग दोन लग्नांत तोच शेर कुणाला मिळू नये.

पण ही सगळी वरवरची कामं. निवेदकाचं खरं काम म्हणजे भुकेल्या माणसांना धरून ठेवणं. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि अक्षता पडतात अडीचला, कारण साहेब यायचे असतात. साहेब म्हणजे कुणीही. जिल्ह्यातला मोठा नाही मिळाला तर तालुक्यातला. ते आल्याशिवाय, त्यांचा सत्कार आणि आशीर्वादपर भाषण झाल्याशिवाय वधूपित्याला अक्षता टाकवत नाहीत. आणि अक्षता पडल्या की मंडप दोन मिनिटांत पंगतीकडं धावतो, मग साहेबांनी बोलायचं कुणासमोर? म्हणून मधले दोन तास माणसं बसवून ठेवायची. त्यासाठी मी फाटा वापरायचो. “साहेब निघालेत. साहेब रेणापूर फाट्यावर आलेत. पाचच मिनिटांत आपल्यामध्ये येत आहेत.” साहेब त्या वेळी घरी दाढी करत असायचे. गाव बदललं की मी फाटा बदलायचो. हिमायतनगरला लग्न असलं की साहेबांनी नुकतंच भोकर सोडलेलं असायचं. लोकांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. पण रेणापूर फाटा म्हटलं की माणूस अर्धवट उठलेला परत बसायचा. खोटं असलं तरी ठिकाण पक्कं होतं ना.

या धंद्यात मला ज्यांनी आणलं ते अप्पा. लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले जुने अडते, आमच्या लिंगायत समाजातले वडीलधारे. मी शिरूर अनंतपाळहून लातूरला आलो तेव्हा कापडाच्या दुकानात काउंटरवर होतो. अप्पांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं आणि ठरवलेला निवेदक ऐन वेळी आला नाही. अप्पा तरातरा दुकानात आले, माझ्या मालकाला म्हणाले, “हे पोरगं लई बोलतंय. दोन तास दे.” आणि माझ्या दंडाला धरून नेलं. मी विचारलं, बोलू काय? ते म्हणाले, “साडी दाखवतूस तसं माणसाला दाखव. घडी मोडून.” त्या दिवशी मी प्रत्येक पाहुण्याकडं बघून, हसून, त्याच्या पागोट्याचं, त्याच्या नातवाचं काहीतरी बोललो. पुढं कामं वाढली, एका दिवसात दोन-दोन लग्नं झाली, आणि घडी मोडायला वेळ राहिला नाही.

माझ्यासोबत कायम साऊंडवाले चाचा असायचे. पाच पिढ्यांपासून लातुरातलं मुसलमान घर, आजोबांचा भोंग्याचा ग्रामोफोन होता, त्याचं यांनी साऊंड सर्व्हिस केलं. चाचांना मराठी सगळं यायचं पण माझ्याशी ते दखनीतच बोलायचे, म्हणायचे, मराठीत बोललो तर तुम्ही माइकवर उत्तर देता. मंडपाच्या मागं मिक्सरपाशी बसून ते डोळे मिटून माझं बोलणं ऐकायचे. एकदा म्हणाले, “भाऊ, तुम सांस कब लेते, मेरेकू आजतक नै समज्या.” मी ती तारीफ समजून घेतली.

आता पडझड सांगतो. सांगायला लाज वाटते, पण माझ्याऐवजी दुसरा कुणी सांगणार असेल तर त्यात आणखी चार वाढवून सांगेल.

अप्पा गेले. रीतसर, वय झालं होतं, पहाटे झोपेतच शिवैक्य झाले. त्यांच्या श्रद्धांजली सभेचं सूत्रसंचालन कुणी केलं? मीच केलं. पांढरा सदरा घालून, जाकीट घरी ठेवून, शेर न म्हणता. मी म्हणालो, “अप्पा आपल्यातून गेलेले नाहीत, ते इथंच आहेत.” अर्धी सभा डोळे पुसत होती. आणि त्यानंतर सव्वा महिन्यानं एका डाळ मिलवाल्याच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्या भल्या माणसानं मान्यवरांची नवी यादी करण्याचा त्रास घेतला नव्हता. थोरल्या मुलीच्या लग्नातल्या यादीचीच झेरॉक्स माझ्या हातात दिली.

मी वाचत गेलो. नाव घेतलं की माणूस उठायचा, टोपी सावरायचा, स्टेजकडं चालू लागायचा, तोवर मी पुढच्या नावावर. नवव्या की दहाव्या नावाला कुणी उठलंच नाही. निवेदकाला नावानंतरची शांतता म्हणजे पायाखालचा पाट काढल्यासारखी वाटते. माझ्या तोंडानं ती शांतता लगेच भरली. “आदरणीय अप्पा निघालेले आहेत. अप्पा रेणापूर फाट्यावर आलेत. पाचच मिनिटांत ते आपल्यामध्ये येत आहेत, जोरदार टाळ्या!”

आणि टाळ्या वाजल्या. हे लोक नंतर विसरले, मी विसरलेलो नाही. माझं तोंड सरावलेलं होतं तसे त्यांचे हातही सरावलेले होते. चांगल्या जोरदार टाळ्या वाजल्या, पुढच्या ओळीत तर जास्तच. मग एकेक हात थांबत गेला. मी वर बघितलं तर मागं चाचा उभे राहिलेले, दोन्ही हात हवेत. मला वाटलं आवाज वाढवू का विचारताहेत. मी मान हलवली. त्यांनी मिक्सरवरचा माझा दांडा खाली ओढला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज बंद करण्याची ती पहिली वेळ. मी जवळ गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अप्पा को मिट्टी देने मैं बी था, भाऊ. तुम बी थे.”

ते मला माहीत नव्हतं असं नाही हो. खड्ड्यात मी स्वतः बेलपान टाकलं होतं. पण तोंडाला माहीत नव्हतं. तोंड कधीच माझ्यापासून वेगळं निघालं होतं आणि स्वतंत्र धंदा करत होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, कारण ते कुणाच्याच फोनवर यायचं राहिलं नाही. कुणीतरी काढलेली ती क्लिप, मागं हॉर्न आणि शंखाचा आवाज जोडलेली. संध्याकाळपर्यंत नांदेडला पोचली. हिमायतनगरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला, “आमचा आज्जा बी गेलाय दोन वर्सं झाली. त्येला भोकरपतूर आणता का? पुढचं आमी बघून घेतो.” भाजीवालीनं मेथी देताना विचारलं, “फाट्यावरून आलाव का?” ज्यांनी श्रद्धांजली सभेला डोळे पुसले होते ते म्हणू लागले, यानं तेव्हाच सांगितलं होतं की अप्पा इथंच आहेत, आपणच लक्ष दिलं नाही.

थट्टेचं मला एवढं काही वाटलं नाही. मी जन्मभर थट्टेवरच जेवलो. पण कामं गेली. कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. “यंदा साधंच करायलाव,” म्हणायचे, आणि आठवड्यानं त्याच कार्यालयातून दुसऱ्याच निवेदकाचा आवाज रस्त्यावर यायचा. माझेच शेर म्हणायचा मेला, आणि क्रम चुकवायचा. डाळिंबी जाकीट धुऊन, इस्त्री करून खुंटीवर लटकत राहिलं. बायको म्हणाली, “बरं झालं. घरात एक माणूस वाढला.” ती हसत म्हणाली, पण मला टोचलं, कारण ते खरं होतं.

या सगळ्यात आमच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक. नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकली, तिथंच नोकरीला लागली. स्थळ उदगीरचं, चांगलं, मुलगा शांत. इतका शांत की पहिल्या भेटीत मी चाळीस मिनिटं बोललो आणि तो फक्त पाणी प्यायला. लेक म्हणाली, “पप्पा, म्हणूनच आवडला.” सगळं जुळलं. आणि मग व्याह्यांचा फोन आला.

“शरणार्थ, भाऊ. एक बोलायचं होतं. राग मानू नका. लग्नात माइक तुमी घेऊ नका.”

मी म्हणालो, अहो, माझ्या पोरीचं लग्न आहे.

“तेच की. अप्पा आमचे सख्खे मामा लागत होते. आमच्या अव्वाच्या, म्हंजे मामीच्या, जिवाला लई लागलंय ते. त्या दिवशी मंडपातच बसल्या होत्या त्या. त्या लग्नाला येणार, आन् तुमचाच आवाज ऐकणार, हे आमाला बरं वाटंना. अव्वा हो म्हनल्या तर आमची ना न्हाई.”

फोन ठेवला आणि मी बराच वेळ जाकिटाकडं बघत बसलो. आता उघडंच सांगतो. वीस वर्षं मी परक्यांच्या मुली ‘चंद्राची कोर’ म्हणून स्टेजवर आणल्या. त्यातली निम्म्याहून जास्त लग्नं आमच्या लेकीच्या सुट्टीत, वाढदिवसाला, शाळेच्या गॅदरिंगला होती. दर वेळी मनात म्हणायचो, राहू दे, हिच्या लग्नात सगळं भरून काढू. असं बोलू की लातूर लक्षात ठेवील. माझ्याकडं तिला द्यायला दुसरं होतं तरी काय? आवाजच होता. आणि तोच दारात काढून ठेवा म्हणत होते.

तेव्हा अव्वांकडं जाणं भाग होतं. मी तीन दिवस भाषण तयार केलं. त्यात क्षमा होती, नियती होती, शब्द आणि वाणी यांच्यावर एक परिच्छेद होता, आणि शेवटी, काय सांगू, एक शेरही होता. बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. तिथं म्हणू नका.”

लातूरच्या गोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत अव्वांचं घर. पुढच्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसून त्या मेथी निवडत होत्या. मी पाया पडलो. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, मेथीची एक जुडी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, “हात मोकळे ठेवू नको. हात मोकळे असले की तू बोलायला लागतूस.”

मी मेथी निवडू लागलो. भाषणाचं पहिलं वाक्य तोंडाशी आलं होतं.

“मी उठले होते,” अव्वा म्हणाल्या.

मला समजलं नाही.

“त्या दिवशी. तू म्हनलास अप्पा फाट्यावर आलेत, आन् मी उठले. चप्पल शोधाय लागले. यांना जेवायच्या आधी गोळी लागती, ती पिशवीत हाय का बघितलं. शेजारच्या बाईनं हात धरून खाली बसवलं तवा ध्यानात आलं.” त्यांनी मेथीची काडी मोडली. “सव्वा म्हैना झालता. घरच्यांनी बळंच आणलं होतं मला लग्नाला. आन् तू मला दोन मिन्टं येडी केलास.”

माझं तीन दिवसांचं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. क्लिपमध्ये स्टेज दिसतं, मी दिसतो, टाळ्या ऐकू येतात. बायकांच्या बाजूला एक म्हातारी चप्पल शोधत होती, हे कुणालाच दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. क्लिपनं वाटली नव्हती तेवढी वाटली.

“एक विचारते. खरं सांग. त्यांचं नाव तू आठवून घेतलास का वाचून?”

मोठा सोपा प्रश्न होता. आठवून, एवढंच म्हणायचं होतं. अप्पांनी मला माणसांत आणलं, अप्पा माझ्या जिभेवर आहेत, चुकून मनातलं बाहेर आलं; पुढचं वाक्य आपोआप तयार होऊन उभं होतं. त्यांचे डोळे सांगत होते की त्यांनाही तेच ऐकायचंय. माइक परत मिळणार होता. साहेबांना फाट्यावर आणणाऱ्या माणसाला एवढं काय अवघड होतं?

“वाचून,” मी म्हणालो. “यादीत होतं. मी बघितलं नाही, नुसतं वाचलं. नंतर कुणी उठलं नाही म्हणून फाटा जोडला.”

आत टीव्हीवर मालिका चालू होती, त्यात कुणीतरी कुणाला तरी माफ करत होतं, मोठमोठ्यानं. अव्वांनी आत ओरडून ती बंद करायला लावली.

“मला वाटलं होतं तू आठवून म्हनशील,” त्या म्हणाल्या. “मग मी तुला हाकलून देणार होते.”

मग त्यांनी त्यांचा फोन काढला आणि मला ती क्लिप दाखवली. पुण्याच्या नातीनं हॉर्न आणि शंख काढून पाठवली होती. “एक गोष्ट मात्र हाय,” त्या म्हणाल्या. “टाळ्या लई वाजल्या त्यांच्यासाठी. तुमच्या त्या श्रद्धांजलीला कुठं वाजवतेत टाळ्या? नुसते दोन मिन्टं गप उभे राहतेत. ह्यांना शांतता कधी आवडली का?” आणि त्या हसल्या. मीही हसलो, आणि हसताना डोळे भरून आले, ते मी मेथीवर खाली मान घालून लपवले.

“माइक घे,” अव्वा म्हणाल्या. “उदगीरच्याला मी सांगते. पण एक अट. यादी न्हाई, चिठ्ठी न्हाई. जो माणूस तुला समोर दिसतोय त्याचंच नाव घ्यायचं. न्हाई दिसला, तर न्हाई. मी म्होरंच बसणार हाय.”

तुम्हाला ही अट सोपी वाटत असेल. मला ती ऐकून घाम फुटला. मंडपाकडं बघून बोलण्याची सवयच राहिली नव्हती. आठवडाभर मी घरात सराव केला. बायको स्वयंपाकघरात दिसली की म्हणायचो, स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवती उपस्थित आहेत. चौथ्या दिवशी तिनं लाटणं दाखवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच चिठ्ठ्या यायला लागल्या. मी घेत गेलो आणि जाकिटाच्या खिशात कोंबत गेलो. खिसे फुगले. मग माइक घेऊन मी स्टेजवरून खाली उतरलो. मागून चाचा ओरडले, “भाऊ, वायर लंबी नै है!” आणि मग स्वतःच पळत येऊन बिनवायरचा माइक हातात देऊन गेले.

मी खुर्च्यांमधून चालू लागलो. आणि माणसं दिसायला लागली. कापडाच्या दुकानाचे माझे जुने मालक कोपऱ्यात बसले होते. इतक्या लग्नांत ते कोपऱ्यातच बसत आले असणार, मी कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, कारण त्यांनी कधी चिठ्ठी दिली नव्हती. घेतलं. ते इतके गडबडले की उठून त्यांनी मलाच नमस्कार केला. हिमायतनगरहून एसटीनं आलेली बायकोची मावशी बुंदीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी तिचं आणि डब्याचं दोघांचं स्वागत केलं. आचारी घाम पुसत बाहेर आला, त्याचं नाव घेतलं तर तो दचकून परत आत पळाला, त्याला वाटलं काहीतरी करपलं. एका मान्यवराला मी दिसलो पण मला ते दिसले नाहीत, ते खांबाआड होते. त्यांनी खुर्ची खांबाबाहेर ओढली. ते बघून आणखी चार जणांनी ओढल्या. लोक हसत होते, हात वर करत होते, आणि खरं सांगतो, वीस वर्षांत एवढी मजा मला आली नव्हती. खिशातल्या चिठ्ठ्यांतले दोघे मात्र रुसून गेले. ते अजून बोलत नाहीत.

साडेबाराला, मुहूर्ताला पाच मिनिटं असताना, व्याही धावत आले. साहेबांच्या माणसाचा फोन होता. “भाऊ, साहेब खरंच रेणापूर फाट्यावर हायेत! खरंच! लोकांना सांगा, अक्षता दहा मिन्टं थांबवू.”

आयुष्यात पहिल्यांदा साहेब खरोखर फाट्यावर होते. मी माइक तोंडाशी नेला. सवयच ती. मग पुढं बघितलं. अव्वा पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या.

“दिसायलेत का साहेब?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, अव्वांकडं बघितलं, आणि स्वतःच अक्षतांचं ताट उचलून वाटायला लागले. साहेब आले तेव्हा लोक पंगतीत दुसऱ्यांदा वरण घेत होते, असं मागाहून कळलं. तेही बसले आणि जेवले. बहुतेक भुकेले असावेत.

आता नवरीला बोलवायचं होतं. हे वाक्य मला झोपेत येतं. मामांनी नवरीला घेऊन यावं, चंद्राची कोर जशी, वगैरे वगैरे. पण ती पडद्यामागं होती, मला दिसत नव्हती, म्हणून मी थांबलो. मग पडदा हलला आणि मामांचा हात धरून ती आली.

हिरवा शालू, कपाळावर मुंडावळ्या, आणि त्यांच्या मधून तिचा चेहरा. मी नाव घ्यायला तोंड उघडलं. तिच्या डाव्या भुवईवर एक बारीक खूण होती, जुनी, टाका घातल्यासारखी. ती कधी पडली, कुठं लागलं होतं, कुणी नेलं दवाखान्यात, मला काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी कुठल्यातरी गावात कुणाला तरी आवर्जून उपस्थित करत असणार. ती माझ्याकडं बघून हसली. मी माइक तोंडाशी धरून नुसता तिच्याकडं बघत राहिलो.

मंडप शांत झाला. नावानंतरची शांतता मला माहीत होती. नावाआधीची मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती मला भरावीशी वाटली नाही.

मागं चाचांची धांदल उडाली. ते वायरी हलवत होते, दांडे वरखाली करत होते. “लाइट है, माइक चालू है, आवाज कायकू नै आरा?”

“ओ चाचा, गप बसा की,” अव्वा पुढून म्हणाल्या. “माइकला काय बी झालं न्हाई. लेक दिसायली त्याला.”

त्यांनी घड्याळ परत डोळ्यांजवळ नेलं.

“मुहूर्ताला अजून दोन मिन्टं हायेत. बघून घे म्हनाव.”